गोळी वेळेवर, खेळ बेताने : हृदयाचं ऑपरेशन झालेल्या लेकराची घरातली काळजी



अंगणवाडीत आणि शाळेत लेकरं तपासायला डॉक्टरांचं पथक येतं, ते आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, म्हणजे आरबीएसके, २०१३ साली सुरू झाला. अंगणवाडीतल्या लेकरांची वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या लेकरांची एकदा तपासणी त्यात होते. एखाद्या लेकराच्या छातीत वेगळा आवाज आला की चिठ्ठी मिळते. मग जालन्याचं जिल्हा रुग्णालय, तिथून छत्रपती संभाजीनगर, नाही तर मुंबई. टू-डी इको होतो, कागद गोळा होतात, तारीख मिळते आणि ऑपरेशन होतं. खर्चाला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असते. खारघरच्या श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयासारख्या ठिकाणी लहान लेकरांच्या हृदयाचं ऑपरेशन मोफत होतं.

लेकरू घरी आलं की गावभर आनंद होतो. पण खरी जबाबदारी तिथून पुढे असते आणि ती आई, आजी, चुलती, मोठी बहीण यांच्या अंगावर येते. त्यात दोन गोष्टी सगळ्यात जास्त चुकतात. पहिली, रक्त पातळ करायची गोळी. लेकरू हसायला-खेळायला लागलं की ‘आता कशाला गोळी’ म्हणून ती मागे पडते. दुसरी, खेळ. भीतीपोटी लेकराला वर्षवर्षभर बाजेवर बसवून ठेवतात. गोळी सोडली तर जीव धोक्यात येतो आणि खेळ बंद केला तर लेकराची वाढ व हिंमत मागे पडते. म्हणून या दोन्हींची नीट माहिती करून घेऊ.

ही गोळी कोणाला लागते?

हृदयाचं ऑपरेशन झालेल्या प्रत्येक लेकराला ही गोळी लागत नाही. छिद्र टाके घालून किंवा ठिगळ लावून बंद केलं असेल तर बऱ्याच लेकरांना रक्त पातळ करायचं औषध पुढे द्यावं लागत नाही. मांडीच्या नसेतून नळी घालून छत्रीसारखं बटण बसवलं असेल तर साधारण सहा महिने अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी देतात. काही मोठ्या ऑपरेशननंतर ती वर्षानुवर्षं चालते.

सगळ्यात कडक पथ्य असतं ते कृत्रिम धातूची झडप बसवलेल्या लेकरांना. आपल्याकडे ही वेळ बऱ्याचदा रुमॅटिक तापामुळे येते. आधी घसा दुखतो, मग सांधे सुजतात, ताप येतो. त्याकडे दुर्लक्ष झालं तर हृदयाच्या झडपा खराब होतात. अशा झडपेच्या जागी कृत्रिम झडप बसवतात. भारतात तयार झालेली ‘चित्रा’ झडप तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने बनवली आणि १९९० साली ती पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली. झडप देशी असो की विदेशी, ती शरीराला परकीच. रक्त तिच्यावर गोठायला बघतं. गुठळी झाली तर झडप अडकते, किंवा गुठळी सुटून मेंदूत जाते आणि लकवा होतो. ते होऊ नये म्हणून ही गोळी जन्मभर घ्यावी लागते. लेकरू कितीही ठणठणीत दिसलं तरी गोळी चालूच ठेवायची.

आपल्या लेकराला नेमकं काय बसवलं आहे आणि कोणती गोळी किती दिवस द्यायची, हे डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं. वाचता येत नसेल तर गटातल्या शिकलेल्या मैत्रिणीकडून किंवा आशाताईंकडून वाचून घ्या.

गोळी काम कशी करते?

या गोळीची कथा गुरं पाळणाऱ्या बाईला लगेच कळेल. शंभर वर्षांपूर्वी अमेरिका आणि कॅनडात गुरं अचानक रक्तस्राव होऊन मरायला लागली. शिंग कापलं तरी रक्त थांबेना. शोध घेतल्यावर कळलं की ती गुरं बुरशी लागलेली वैरण खात होती. ही वैरण आपल्या लसूणघासाच्या कुळातल्या एका गवताची होती. १९३३ साली एक शेतकरी बर्फाच्या वादळात मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त आणि ती सडकी वैरण गाडीत घालून विस्कॉन्सिनच्या विद्यापीठात घेऊन गेला. तिथल्या शास्त्रज्ञांनी काही वर्षं खपून वैरणीतला दोषी पदार्थ शोधला. त्यावरूनच पुढे वॉर्फरिन तयार झालं. १९४८ साली ते उंदराचं औषध म्हणून विकायला आलं आणि १९५४ साली माणसांसाठी मंजूर झालं.

यातून दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, हेच द्रव्य जास्त झालं तर विष आणि मापात असलं तर औषध. म्हणून मोजून द्यायचं. दोन, रक्त गोठायला शरीराला व्हिटॅमिन ‘के’ लागतं आणि ही गोळी त्याच्या आड येते. हिरव्या पालेभाज्यांत हे व्हिटॅमिन भरपूर असतं. म्हणून जेवणाचा आणि गोळीचा संबंध येतो.

आपल्याकडे वॉर्फरिन किंवा असेनोकुमेरॉल अशा दोन गोळ्या जास्त दिसतात. दोन्हींचं काम सारखं असलं तरी माप वेगळं आहे. एकीची २ मिलिग्रॅम म्हणजे दुसरीची २ मिलिग्रॅम नव्हे. मेडिकलवाला ‘ही नाही, पण हीच समजा’ म्हणाला तर घेऊ नका. आधी डॉक्टरांना फोन करा. पाकिटावरचं नाव आणि मिलिग्रॅम दोन्ही जुन्या पाकिटाशी जुळवून बघा. रंगावर विसंबू नका.

रक्ताची तपासणी : आयएनआर

गोळी जास्त होतेय की कमी, हे लेकराकडे बघून कळत नाही. ते पीटी-आयएनआर या रक्ततपासणीतून कळतं. गोळी न घेणाऱ्या माणसाचा आयएनआर १ च्या आसपास असतो. धातूची झडप असलेल्यांना डॉक्टर तो २ ते ३ किंवा २.५ ते ३.५ असा ठेवायला सांगतात. झडप कुठली आणि कुठे बसवली यावर ते ठरतं. आपल्या लेकराचा आकडा फाइलवर लिहून मागा. दुसऱ्याच्या लेकराचा आकडा आपल्याला चालत नाही.

आकडा खाली गेला तर गुठळीची भीती असते आणि वर गेला तर रक्तस्रावाची. सुरुवातीला ही तपासणी दर काही दिवसांनी असते, नंतर आठवड्याने, आणि आकडा स्थिर झाला की साधारण महिन्याने. लेकराचं वजन वाढतं तशी गोळीही बदलते. म्हणून ‘मागच्या वर्षी ठरवलेली गोळी’ चालवत राहू नका.

तपासणी कुठे होते ते आधी विचारून ठेवा. अंबडच्या उपजिल्हा रुग्णालयात विचारा. तिथे नसेल तर जालन्याला होईल. जाण्यायेण्याचं भाडं आणि बुडालेली मजुरी हिशोबात धरा. फुले योजनेत काही ऑपरेशननंतर पुढच्या तपासण्या आणि औषधांसाठी वेगळं पॅकेज असतं. आपल्या ऑपरेशनला ते आहे का, हे ऑपरेशन झालेल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. योजनेचा फोन नंबर १५५३८८ आहे.

गोळीचं वेळापत्रक

दशसूत्रीत आपण नियमित बैठक, नियमित बचत आणि पुस्तक लिहिणं शिकलो. गोळीचंही तसंच आहे.

१. रोज एकच वेळ धरा. संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळी दिली तर सोयीचं पडतं. सकाळी तपासणी झाली आणि डॉक्टरांनी माप बदललं तर त्याच दिवसापासून नवीन माप देता येतं.

२. गोळी देण्याची जबाबदारी एकीचीच ठेवा. ती बाहेरगावी गेली तर दुसरी कोण देणार हे आधी ठरवा. दोघींनी दोनदा दिली असं होऊ नये.

३. भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोळी दिली की खूण करा. बाजूच्या वहीत तारीख, आयएनआरचा आकडा आणि गोळीचं माप लिहा. ही वही प्रत्येक डॉक्टरला दाखवा.

४. गोळी चुकली आणि त्याच रात्री आठवली तर द्या. दुसऱ्या दिवशी आठवली तर चुकलेली सोडून द्या. दोन गोळ्या एकदम कधीही देऊ नका. चुकली ते वहीत लिहा. दोन दिवस चुकल्या तर डॉक्टरांना फोन करा.

५. गोळ्या संपायच्या आठ दिवस आधी आणा. डबा उंचावर, लहान भावंडांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा.

जेवण, औषधं आणि उपवास

पालक, मेथी, शेपू, चाकवत, शेवग्याचा पाला बंद करायची गरज नाही. रोज जेवढं खातं तेवढंच खाऊ द्या. पावसाळ्यात घरची भाजी फुकट आली म्हणून रोज ताटभर पालेभाजी आणि उन्हाळ्यात महिनाभर एकही पान नाही, असं झालं तर आयएनआर वरखाली होतो. मोसम बदलला की तपासणी करून घ्या. मत्स्योदरी देवीची नवरात्र असो की घरातलं कुठलं व्रत, लेकराला उपवास धरायला लावू नका. जेवण घटलं की आकडा वर चढतो. जुलाब-उलटीतही तेच होतं, तेव्हा डॉक्टरांना कळवा.

डोकं दुखलं, अंग दुखलं म्हणून दुकानातून आणलेली गोळी देऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि डॉक्टरांनी स्वतः लिहून न दिलेली अ‍ॅस्पिरिन या गोळ्यांमुळे रक्तस्राव वाढतो. तापाला पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे चालते, पण दोन-तीन दिवसांच्या वर लागली तर डॉक्टरांना दाखवा. अँटिबायोटिक, फिटची औषधं आणि टीबीची औषधं यांनीही आकडा बदलतो. टॉनिकची पावडर, काढे, जडीबुटी आणि ‘रक्त वाढवायचं’ चूर्ण विचारल्याशिवाय देऊ नका. स्वयंपाकातली हळद-लसूण नेहमीप्रमाणे चालते.

अ‍ॅस्पिरिन चालू असलेल्या लेकराला कांजिण्या किंवा जोराचा फ्लू झाला तर त्याच दिवशी हृदयाच्या डॉक्टरांना कळवा. अशा वेळी अ‍ॅस्पिरिनमुळे मेंदू आणि यकृताला धोका होऊ शकतो. गोळी थांबवायची की नाही ते डॉक्टर सांगतील.

गावातल्या दवाखान्यात कमरेत सुई देण्याआधी ‘रक्त पातळ करायची गोळी चालू आहे’ असं आपण स्वतः सांगायचं. स्नायूत आत रक्त साचू शकतं. लस देताना नर्सताईंनाही सांगा आणि सुईच्या जागी पाच मिनिटं दाबून धरा. रुमॅटिक तापासाठी दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनची सुई चालू असेल तर ती मनाने बंद करू नका. सुईच ठेवायची की तोंडी गोळी, हे हृदयाचे डॉक्टर ठरवतील.

दातांची निगा दुप्पट घ्या. मऊ ब्रश, दिवसातून दोनदा. किडलेल्या दातातले जंतू रक्तातून झडपेपर्यंत जाऊ शकतात. दात काढायचा असेल तर दातांच्या डॉक्टरला वही दाखवा. गोळी थांबवायची की नाही ते हृदयाचे डॉक्टर सांगतील, आपण ठरवायचं नाही.

हालचाल आणि खेळ

पहिले सहा ते आठ आठवडे : छातीचं मधलं हाड कापून तारेने बांधलेलं असतं. ते जुळायला एवढा वेळ लागतो. लेकराला काखेत हात घालून उचलू नका. एक हात मानेखाली-पाठीखाली आणि दुसरा बुडाखाली घालून उचला. हाताला धरून ओढू नका. पाण्याची कळशी, दप्तर, लहान भावंडं उचलू देऊ नका. सायकल, झाडावर चढणं, झोका, गुरांमागे पळणं बंद. मात्र घरात चालणं, अंगणात फिरणं पहिल्या दिवसापासून चालू हवं. रोज थोडं थोडं वाढवा. झोपून राहिलं तर छातीत कफ साचतो आणि ताकद जाते. मांडीतून नळी घालून इलाज झाला असेल तर हा काळ बराच कमी असतो. तो डॉक्टर सांगतात.

त्यानंतर : डॉक्टरांनी तपासून ‘होय’ म्हटलं की शाळा सुरू करा. चालणं, पळणं, रिंग, बॅडमिंटन, दोरीउड्या चालतात. साध्या नियमाने चालायचं. लेकरू दमलं की स्वतः थांबतं, तेव्हा त्याला थांबू द्यायचं. ‘अजून एक फेरी’ म्हणून शर्यतीत ढकलायचं नाही. पळताना बोलता येत असेल तर खेळ बेताचा आहे. ओठ निळे पडले, छातीत दुखलं, चक्कर आली तर खेळ थांबवून डॉक्टरांना दाखवा. काही लेकरांचं हृदय ऑपरेशननंतरही कमजोर असतं. त्यांची मर्यादा डॉक्टर वेगळी लिहून देतात.

गोळी चालू असेपर्यंत : डोक्याला किंवा पोटाला मार बसेल असे खेळ टाळा. कबड्डी, कुस्ती, मल्लखांब, कडक चेंडूचं क्रिकेट आणि दहीहंडीचे थर नकोत. सायकल चालवायची तर हेल्मेट घालून, वर्दळीच्या रस्त्यापासून लांब. शाळेच्या सरांना एक चिठ्ठी द्या : कोणता खेळ चालतो, कोणता नाही, लागलं तर काय करायचं. नाही तर सर भीतीने लेकराला पूर्ण तासभर बाकावर बसवून ठेवतात आणि बाकीची पोरं त्याला ‘आजारी’ म्हणून चिडवतात.

मुलींबाबत एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. ऑपरेशन झालं म्हणून तिची शाळा बंद करू नका आणि ‘आता लवकर उजवून टाकू’ हा विचार तर मनातही आणू नका. पाळी सुरू झाल्यावर रक्त जास्त जात असेल तर लाजू नका, डॉक्टरांना सांगा. रक्त पातळ करायच्या या गोळीने पोटातल्या बाळाला इजा होऊ शकते आणि गोळी सोडली तर आईच्या जिवाला धोका. म्हणून ती मोठी झाल्यावर, मूल व्हायचा विचार करण्याच्या आधीच तिने हृदयाच्या डॉक्टरांशी बोललं पाहिजे. ही गोष्ट तिला आणि तिच्या होणाऱ्या घराला माहीत हवी.

ऊसतोडीला जाताना

आपल्या अंबड आणि घनसावंगी भागातली कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास तोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. या महिन्यांत गोळी तुटते आणि तपासणी राहते. शक्य असेल तर लेकरू आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात ठेवा. ज्यांच्याकडे ठेवाल त्यांना गोळी, वेळ आणि वही समजावून सांगा. सोबत न्यायचंच असेल तर निघायच्या आठवड्यात आयएनआर करा, दोन महिन्यांच्या गोळ्या आणि फाइलची झेरॉक्स सोबत घ्या. कारखान्याजवळच्या कोणत्या गावात तपासणी होते ते मुकादमाला आधीच विचारा. लेकराला फडात कोयत्याजवळ आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीवर चढू देऊ नका.

गटाने काय करावं?

तपासणीचं भाडं आणि गोळ्या यासाठी अंतर्गत कर्ज देताना अशा घराला पुढे ठेवा. रक्कम लहान असते, पण ती वेळेवर मिळाली तर मोठा खर्च टळतो. बैठकीत आरोग्याचा विषय आला की ‘या महिन्यात तपासणी झाली का’ एवढं विचारा. आई बाळंतीण असेल, आजारी असेल तर गोळी कोण देणार ते गटात ठरवा. आशाताईंना अशा लेकरांची नावं माहीत हवीत.

हा कागद कापून दाराच्या मागे लावा

*लगेच १०८ ला फोन करा किंवा रुग्णालय गाठा :*

डोक्याला मार लागला, मग लेकरू बरं दिसत असलं तरी.
जोराचं डोकं दुखणं, उलट्या, गुंगी, फिट.
तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोबडी वळणं.
अचानक धाप लागणं. धातूच्या झडपेची टिकटिक शांत खोलीत ऐकू येते. ती बसकी झाली किंवा थांबली.
काळी शौच, लाल लघवी, रक्ताची उलटी.
दहा मिनिटं दाबूनही न थांबणारं रक्त.

*त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा :*

विनाकारण मोठे काळे-निळे डाग, हिरड्यांतून वारंवार रक्त.
कारण न कळणारा ताप. झडपेला जंतू लागल्याचा तो इशारा असू शकतो. रक्ततपासणीच्या आधी अँटिबायोटिक देऊ नका.

*तोवर घरी :*

जखमेवर स्वच्छ कापड दहा मिनिटं घट्ट दाबून धरा, मधे उघडून बघू नका. राख, चुना, तंबाखू भरू नका. नाकातून रक्त आलं तर लेकराला बसवून पुढे वाकवा आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरा.

*रुग्णालयात पहिलं वाक्य :* ‘लेकराचं हृदयाचं ऑपरेशन झालंय, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, ही वही बघा.’

या कागदाखाली आपल्या हृदयाच्या डॉक्टरांचा फोन नंबर, गोळीचं नाव आणि मिलिग्रॅम पेनाने लिहा. लेखातली माहिती सर्वसाधारण आहे. आपल्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐकायचं. आपल्या गावात असं लेकरू असेल आणि त्याची आई गटात नसेल, तर हा अंक तिच्या घरी पोहोचवा आणि शेवटचा कागद तिला वाचून दाखवा.